स्टेगोसॉरसला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय: "मुलाच्या शाळेसाठी डायनासोरचा तक्ता करतोय. स्टेगोसॉरसखाली मराठीत 'छप्पर सरडा' लिहिलं तर चालेल का? आणि पाठीवरच्या प्लेट्सना कवच म्हणायचं का?"

नाव आहे तसंच ठेवा, स्टेगोसॉरस, ते जगभर तेच आहे आणि पोरांना पाठही असतं. पण खाली अर्थ जरूर लिहा, फक्त छप्पर नको, 'कौलारू सरडा' लिहा. ग्रीकमध्ये स्टेगोस म्हणजे छप्पर हे बरोबर, पण हे नाव का पडलं ते कौलाशिवाय कळतच नाही. १८७७ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या मॉरिसन गावाजवळ सापडलेल्या हाडांवरून मार्श या शास्त्रज्ञाने हे नाव ठेवलं, आणि तेव्हा त्याला वाटलं होतं की ते हाडाचे मोठे मोठे तुकडे पाठीवर आडवे, एकावर एक चढवलेले असणार. कोकणातलं जुनं घर डोळ्यापुढे आणा, वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर येते आणि पाणी घरंगळत जातं, अगदी तसे. नंतर कळलं की ते तुकडे आडवे नव्हतेच, पाठीच्या कण्यावर उभे होते, तेही दोन रांगांत, एक इकडे एक तिकडे असे. समज बदलली, नाव मात्र तेच राहिलं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. हा स्टेगोस आपल्याला वाटतो तेवढा परका नाहीये. संस्कृतात स्थग् धातू आहे, अर्थ झाकणे, आणि भाषाशास्त्रात तो आणि ग्रीक स्टेगो एकाच मुळाचे मानतात. त्यातूनच आपला 'स्थगित', आज आपण सभा स्थगित झाली म्हणतो पण संस्कृतात स्थगित म्हणजे झाकलेलं, लपवलेलं असाही अर्थ होता. खरं ते झाकून ठेवणारा तो स्थग, आणि त्याचाच पुढे ठग, आपल्याकडे ठक, ठकवणे. लॅटिनमध्ये त्याच मुळापासून कौलाला तेगुला म्हणायचे, त्याचं इंग्रजीत टाइल झालं, म्हणजे आपण बाथरूमला टाइल्स बसवतो तो शब्दसुद्धा याच घरातला! आणि शिवालिक टेकड्यांत सापडलेल्या प्राचीन हत्तीचं नाव स्टेगोडॉन गणेसा, तिथे दाढेवरचे कंगोरे छपरासारखे दिसतात म्हणून स्टेगो. मात्र सॉरस आणि सरडा यांचा नुसता आवाज जुळतो म्हणून नातं जोडू नका, सरडा आपल्याकडे संस्कृत सरट वरून आलाय.

कवच नको असं माझं ठाम मत आहे. कवच म्हटलं की अंग झाकणारं काहीतरी, कासवाचं असतं तसं, आणि या प्लेट्स अंग झाकतच नाहीत, कुशी तर उघड्याच. चिलखत, कवच हे शब्द अँकिलोसॉरस या पाठभर हाडांचं आच्छादन असलेल्या डायनासोरसाठी राखून ठेवा, त्याला ते शोभतात. इथे मी 'पाती' म्हणेन, एक पातं, अनेक पाती. बुडाशी जाड, वर निमुळती, उभी, चपटी, आणि सांगाड्याला न जोडलेली, कातडीत रुतलेली. शरीराचं तापमान सांभाळायला की एकमेकांना दाखवायला यावर अजून वाद आहे, पण शब्द दोन्हीकडे चालतो. शेपटीवरचे चार म्हणजे सरळ 'काटे', खिळे नको, सुळे तर नकोच कारण सुळे तोंडात असतात. त्या काट्यांच्या जुडग्याला इंग्रजीत थॅगोमायझर म्हणतात, हा शब्द गॅरी लार्सन यांनी १९८२ मध्ये एका व्यंगचित्रात गमतीने वापरला आणि नंतर शास्त्रज्ञांनी खरोखरच उचलला. वरच्या ठगाशी त्याचा काही संबंध नाही.

लिहिताना 'स्टेगोसॉरसचा', 'स्टेगोसॉरसला' असंच लिहा, 'स्टेगोसॉरसाचा' नको, आपण बसचा, बसला म्हणतो तसंच हे. तक्त्यावर मी असं लिहिलं असतं: स्टेगोसॉरस, म्हणजे कौलारू सरडा. ज्युरासिक काळाच्या शेवटी, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी. झाडपाला खायचा. पाठीवर हाडाची पाती, शेपटीला चार काटे.