वाचक विचारतात: विडीची छाट, जुना फलक आणि १९२९ ची फूट

प्रश्न : साकोली तालुक्यातल्या आमच्या शाळेची आठवीची ३६ मुलं विडी कामगारांच्या चळवळीवरच्या दोन खोल्यांच्या संग्रहालयात न्यायची आहेत. मागची तुकडी वीस मिनिटांत बाहेर येऊन नळापाशी खेळत बसली. दीड तास कसा लावावा?

उत्तर : ३६ मुलं एकदम आत सोडली की पुढच्या आठांनाच काय ते दिसतं. बारा-बाराचे तीन गट करा. एक वस्तूंपाशी, एक मजुरीच्या वहीपाशी, एक अंगणात, आणि अर्ध्या तासानं अदलाबदल. चावी बहुधा एकाच माणसाकडे असते, तेव्हा आदल्या दिवशी फोन करा. दोन टॉर्च न्या. काचेवर समोरून उजेड मारला तर नुसती चमक दिसते, बाजूनं तिरपा मारला की पुसट शिक्काही वाचता येतो.

फोटो शेवटी दाखवा. आधी सूप, कातरी आणि पत्र्याचा फर्मा. तेंदूपान भिजवून ओल्या फडक्यात ठेवतात. कोरडं राहिलं तर वळताना फाटतं, फार ओलं राहिलं तर विडीला बुरशी धरते. जाड शिरा टाळून फर्म्याच्या मापानं पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. २५ विड्यांचा एक कट्टा, म्हणजे हजाराला ४० कट्टे. आठ तासांत हजार विड्या करायच्या तर एका विडीला २९ सेकंदही मिळत नाहीत, आणि त्यातच पान कापणंही आलं. अंगणातल्या गटाला वर्तमानपत्राचे तुकडे, पुठ्ठ्याचा फर्मा आणि लाकडाचा भुसा देऊन दहा मिनिटं घड्याळ लावा. खरा तंबाखू मुलांच्या हाती अजिबात नको.

खरा ऐवज मजुरीच्या वहीत आहे. पानं मिळतात वजनावर, विड्या घेतात मोजून, आणि भांडण या दोहोंच्या मधे. पुड्यात भोकाची, किडकी पानं निघाली की विड्या कमी भरतात आणि तूट भरायला कामगार पदरची पानं विकत आणतो. वर ‘छाट’, म्हणजे कारखान्यानं नाकारलेल्या विड्या. त्यांची मजुरी नाही, आणि पुष्कळदा त्या परतही मिळत नसत. वहीचं एक पान मुलांना उतरवून घेऊ द्या : आणलेल्या विड्या, छाट, हिशेबात धरलेल्या. शेकडा छाट त्यांनीच काढावी. पानं-तंबाखूचं वाटप आणि छाट यांवरचे वाद सोडवायची तरतूद १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात आली. त्याआधीची एक गंमतही सांगा. शेतीच्या हंगामात गावात विड्या वळायलाच बंदी घालता येईल, असा कायदा मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४८ मध्ये झाला होता. शेतीला मजूर मिळावेत म्हणून! सुप्रीम कोर्टानं तो १९५० मध्ये रद्द ठरवला.

प्रश्न : आजोबांच्या युनियनच्या पावत्या आणि मोर्चातला लाल कापडी फलक घरी पेटीत आहे. संग्रहालयवाले मागतात. धुऊन, लॅमिनेट करून द्यावं का? (हिंगणघाट)

उत्तर : दोन्ही करू नका. जुना लाल रंग पाण्यात सुटतो आणि पांढऱ्या अक्षरांत उतरतो. लॅमिनेशनची उष्णता आणि गोंद कागदात कायमचे बसतात. सेलोटेपही नको, त्याचा पिवळा डाग जात नाही. गंजलेली पिन ओढली तर भोवतीचा कागद तुटतो. पिनेखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवा आणि मागचे पाय हळूच उघडा. धूळ मऊ ब्रशनं, मधून कडेकडे. फलकाची घडी घालू नका, घडीवरच तो चिरतो. पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेलं, बिनखळीचं पांढरं सुती कापड गुंडाळा (खळीला कसर लागते) आणि रंगवलेली बाजू बाहेर ठेवून त्यावर फलक गुंडाळा. पेटी जमिनीवर किंवा भिंतीला टेकून नको, वाळवीला तेवढीच वाट पुरते. देताना फोटो काढून ठेवा, आणि पावतीवर ‘दान’ की ‘उसने’ ते लिहून घ्या. तोंडी बोलण्यावरून पुढे वारसांत वाद होतात.

प्रश्न : ‘१९२९, नागपूर : आयटकमध्ये फूट’ असा फलक पाहिला, खाली काहीच लिहिलेलं नव्हतं. फूट कशावरून?

उत्तर : मुख्य वाद रॉयल कमिशन ऑन लेबरचा, म्हणजे कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या आयोगाचा. १९२० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या आयटकचं (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, कामगार संघटनांचा देशव्यापी महासंघ) ते नागपूर अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. कमिशनवर बहिष्काराचा ठराव झाला. आयटकमधले मवाळ कामगार पुढारी ना. म. जोशी स्वतःच कमिशनचे सदस्य होते. त्यांचा गट बाहेर पडला आणि त्यानं इंडियन ट्रेड युनियन फेडरेशन काढलं. शेजारी १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याचा फलक असेल आणि त्यावर ‘युनियनला मान्यता मिळाली’ असं लिहिलेलं दिसलं, तर व्यवस्थापकांना सांगून दुरुस्त करून घ्या. त्या कायद्यानं नोंदणी मिळाली. मालकानं युनियनशी बोललंच पाहिजे, अशी सक्ती त्यात नव्हती.