मपली जागा कोणती?

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की माझ्याकडे समुपदेशनाला एकच प्रश्न घेऊन येणाऱ्या आया वाढतात. गावाकडचं ऐसपैस घर सोडून शहरात एका-दोन खोल्यांत आलोय, लेकरांच्या मनावर काही परिणाम तर होणार नाही ना? कुणी मुलांच्या शाळेसाठी आलेलं असतं, कुणी शहरालगतच्या वाळूज-शेंद्र्याच्या कंपनीतल्या कामासाठी, बहुतेक जण दोन्हींसाठी. गेल्या वर्षी आलेल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

गेवराई तालुक्यातलं गाव. माळवदाचं जुनं घर, पुढं ओसरी, मागं गोठा, अंगणात लिंबाचं झाड. तिथून छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याला, तिसऱ्या मजल्यावरच्या वन आरकेमध्ये. नवरा-बायको, तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा. आजी गावाकडंच राहिली.

"मॅडम, पोरगं रात्री अंथरूण ओलं करतंय," आई म्हणाली. "चार वर्षांचा झाल्यापासून कोरडा होता. अन् पोरगी बाथरूममध्ये जाऊन बसती, अर्धा-अर्धा तास. आम्ही लेकरायला कोंडून टाकलं का ओ?"

आधी मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. बरेच महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं, तर लघवीतला संसर्ग, मधुमेह, बद्धकोष्ठता हे तपासून घ्यावंच लागतं. सगळं मनावर ढकलून चालत नाही. तपासण्या ठीक आल्या, मग आम्ही बोलायला बसलो.

बाई पोरावर फार चिडायच्या, त्या रागाचं मूळ मला आधी कळलं नव्हतं. त्यांच्या गल्लीत तेव्हा नळ आठ-दहा दिवसांनी यायचा. आला की भरलेल्या दोन ड्रमांवर तेवढे दिवस काढायचे. त्यात रोज चादर-गोधडी धुवायची म्हणजे स्वयंपाकाच्या पाण्याला हात घालायचा. त्या पोरावर ओरडत होत्या, पण खरा जीव अडकला होता ड्रमात. हे बोलून दाखवल्यावर त्या रडल्या. मी त्यांना अंथरुणाखाली रबराचं कापड आणि वर जुन्या लुगड्याची घडी घालायला सांगितली, म्हणजे धुवायला तेवढी घडीच निघेल. ओरडणं निम्मं तिथंच कमी झालं.

पोराला कागद दिला आणि गावचं घर काढायला सांगितलं. त्यानं माळवद काढलं, वरून दिसतं तसं. एका कोपऱ्यात छोटा गोल काढून म्हणाला, "हे सवणं. इथं पाय ठेवायचा नाही, खाली पडतो." छतातलं उजेडाचं भोक ते. मग एकाशेजारी एक पाच रेघा ओढल्या. उन्हाळ्यात झोपायची अंथरुणं! "ही मोठी आई, हा मी, ही ताई, ही मम्मी, हे पप्पा." मोठी आई म्हणजे आजी. मग इथलं घर काढायला लावलं. त्यात कपाट होतं, गॅस होता, टीव्ही होता, दोन ड्रम होते. माणूस एकही नव्हतं.

"अन् तू कुठं झोपतोस?"

"जागा असंल तिथं." थोडं थांबून त्यानंच विचारलं, "मपली जागा कोणती?" मपली म्हणजे माझी.

घरी नेमकं काय होत होतं ते मग हळूहळू बाहेर आलं. वडिलांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. सेकंड शिफ्टला ते रात्री साडेबाराला यायचे, तेव्हा गाढ झोपलेल्या पोराला उचलून भिंतीकडे सरकवायचं आणि त्यांचं अंथरूण टाकायचं. थर्ड शिफ्टला तो वडिलांच्या जागी झोपायचा आणि ते सकाळी आले की त्याला उठवून जागा रिकामी करायची. लेकरू एका जागी डोळे मिटत होतं आणि दुसऱ्याच जागी उघडत होतं. मी बाईंना कॅलेंडरवर, जिथं त्या नळाचे दिवस लिहायच्या तिथंच, ओल्या रात्रींवर टिंब द्यायला सांगितलं. दीड महिन्यात बहुतेक टिंबं सेकंड शिफ्टच्या आठवड्यांत पडली.

मग त्याची जागा ठरली. कपाटाशेजारची भिंत, आणि तिथून त्याला कुणी हलवायचं नाही. वडिलांचं अंथरूण संध्याकाळीच दाराजवळ घालून ठेवायचं. माळ्यावर मोठ्या आईनं शिवलेली वाकळ पडून होती. आल्यागेल्यासमोर बरी दिसत नाही म्हणून वर टाकलेली. ती खाली काढली.

मुलीशी मी एकटीशीच बोलले. "मॅडम, घरात दार एकच हाय. बाथरूमचं." ती आत काहीच करत नव्हती, बादली पालथी घालून बसायची. गावात तिला माळवद होतं, गोठ्यामागची भिंत होती, चुलत्याचं घर होतं. त्याच वर्षी पाळी सुरू झालेली. त्यात भाऊ आणि वडील आठ पावलांवर. वयात येणाऱ्या पोरीला अशी अर्धा तास एकटं बसायची जागा हवी असते, आणि याला नखरे म्हणणाऱ्यांशी मी भांडते.

पडद्याचं सुचवलं तेव्हा वडील म्हणाले, "एवढीशी खोली, पडदा लावल्यावर अजून बारीक होईल." बोलणं खोटं नव्हतं. तरी सुट्टीच्या दिवशी त्यांनीच कपाट ते खिडकी तार ओढली आणि जुनी साडी लावली. पडदा ओढलेला असेल तर आधी हाक मारायची, उत्तर आल्यावरच सरकवायचा, असं ठरलं. बाथरूम रिकामं झालं.

घराच्या आकारानं काही फरक पडत नाही, असं मी कुणालाही सांगत नाही. पडतो. झोप मोडते, अभ्यास होत नाही, रात्रपाळी करून आलेल्या माणसासाठी लेकरांना दिवसभर "आवाज करू नका" ऐकावं लागतं. म्हणून भाड्यानं घर बघताना मी दोन गोष्टी विचारायला सांगते: पाणी किती दिवसांनी येतं, आणि गच्ची उघडी असते का. चार फूट जास्तीच्या खोलीपेक्षा मी उघडी गच्ची घेईन. यांच्या इमारतीत गच्चीला कुलूप होतं. बाईंनी मालकिणीला गळ घातली आणि संध्याकाळपुरती किल्ली मिळवली.

आणखी एक. या घरात "आता गावाचं नाव काढू नका, जीव लागणार नाही इथं" असा दंडक होता. तो मोडायला लावला. लेकरं जेवताना लिंबाचं, गोठ्याचं बोलायला लागली.

पोरगं लगेच कोरडं झालं नाही. महिन्यातून एखादी रात्र अजून होत होती. दिवाळीला गावी निघताना बाईंनी वाकळ पिशवीत भरायला घेतली, तर त्यानं ती काढून परत भिंतीशी अंथरली. "इथंच राहू दे, जागा मोडंल." मुलीनं मात्र वडिलांना विचारलं, तिकडं अजून आठ दिवस राहता येईल का. तिचं घर अजून तिकडंच आहे. तिला घाई करू नका, एवढंच मी बाईंना फोनवर सांगितलं.