दिवाळीत घर बंद ठेवून गावी जाताय? डिजिटल लॉकच्या आधी कोयंडा बघा

तुम्ही विचारलंय की तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, दाराला बिल्डरने दिलेलं लॅच आणि बाहेरून अल्ड्रॉपला, म्हणजे आडव्या दांड्याच्या मोठ्या कडीला, कुलूप. दिवाळीत आठ-दहा दिवस गावी जायचंय, आणि शेजारच्या बिल्डिंगमध्ये घरफोडी झाल्यापासून घरचे डिजिटल लॉकसाठी मागे लागलेत. घ्यावं का?

माझं पुण्यात हार्डवेअरचं दुकान आहे. डिजिटल लॉक विकून मला चार पैसे जास्तच सुटतात. तरी सांगतो, आत्ता घाईने घेऊ नका. आधी तुमचा कोयंडा कशाने बसवलाय ते बघा.

पेपरातल्या घरफोडीच्या बातम्या आठवा. ‘बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून’ हे ठरलेलं वाक्य असतं. चोराने बनावट किल्लीने कुलूप उघडलं असं त्यामानाने कमी वाचायला मिळतं, कारण त्याला कुलूप उघडण्यात रस नसतो. त्याला दार उघडायचं असतं, तेही आवाज न करता, मिनिट-दोन मिनिटांत. कोयंड्याच्या मागे कटावणी घातली आणि अंगाचा भार टाकला की काम झालं. मग कुलूप सात लिव्हरचं असो नाहीतर दहा, त्याची पाळीच येत नाही.

आमच्या एका गिऱ्हाइकाने असा उचकटलेला ऐवज थेट काउंटरवर आणून ठेवला होता. कोयंडा, आणि त्यात अडकलेलं जाडजूड पितळी कुलूप, बंदच्या बंद. किल्ली लावली तर पहिल्या फटक्यात उघडलं, कुठे ओरखडासुद्धा नाही. कोयंड्याच्या भोकांत चारही स्क्रू तसेच होते. जेमतेम पाऊण इंची, आणि आट्यांमध्ये लाकडाचा भुसा भरलेला. म्हणजे स्क्रू तुटले नव्हते, लाकडाने त्यांना सोडलं होतं. आणि गृहस्थ म्हणतात काय, ‘याच्यापेक्षा मोठं कुलूप दाखवा.’

तर पहिलं काम स्वस्तातलं आहे. अल्ड्रॉपच्या पकडी आणि कोयंडा यांचे छोटे स्क्रू काढून टाका आणि तिथे आरपार नट-बोल्ट घाला. बोल्टचं डोकं बाहेरच्या बाजूला गोल, गुळगुळीत हवं, म्हणजे बाहेरून स्क्रू ड्रायव्हर लागायला खाच मिळत नाही. आतल्या बाजूला मोठा वॉशर, मग नट. स्क्रू फक्त आपल्या आट्यांभोवतीचं लाकूड धरतो, बोल्ट अख्ख्या दाराची जाडी कवेत घेतो. फ्लश डोअर, म्हणजे दोन्हीकडून सपाट प्लायचं दार, असेल तर हे आणखी महत्त्वाचं. त्याच्या पोटातली भरती बऱ्याचदा हलक्या लाकडाची किंवा भुशाच्या बोर्डाची असते, आणि त्यात स्क्रू नावालाच धरतो.

दुसरी बाजू चौकटीची. अल्ड्रॉपचा दांडा किंवा लॅचची जीभ चौकटीत जिथे शिरते, तिथे पातळ पत्र्याची पट्टी दोन इवल्याशा स्क्रूंवर बसवलेली असते. दाराला लाथ बसली की सगळा जोर त्या दोन स्क्रूंवर येतो आणि चौकटीची कड फाटते. तिथे जाड, लांब पट्टी बसवा आणि ७५ मिलिमीटरचे स्क्रू वापरा. चौकट भिंतीत नीट धरलेली नसेल, म्हणजे दार आपटलं की कडेचं प्लास्टर तडकत असेल, तर चौकटीतून भिंतीत १०० मिलिमीटरचे फास्टनर मारून घ्या, त्या बाजूला तीन तरी. जुन्या वाड्यांच्या दारांना आतून अडसर असायचा तो याचसाठी. लाकडी दांडा दोन्हीकडच्या भिंतीत शिरायचा, दारावरचा धक्का भिंत झेलायची. आपण तेच काम लोखंडाच्या पट्टीवर आणि लांब स्क्रूंवर भागवतोय.

आता लॅच. दार नुसतं ओढून घेतलं, खट् आवाज आला, की लोक म्हणतात लॅच लागलं. घरी गेल्यावर एक करा. दार उघडं ठेवा आणि त्याच्या कडेला येणारी जीभ अंगठ्याने दाबा. तिरक्या टोकाची जीभ आत गेली तर ती चपटी पट्टी सरकवूनही आत जाऊ शकते. आता बाहेरच्या बाजूने किल्ली फिरवा, काही लॅचना दोन वेळा फिरवावी लागते, आणि पुन्हा दाबा. जीभ हलत नसेल किंवा चौकोनी खिटी बाहेर आली असेल, तर ते खरं कुलूप. काहीच फरक पडत नसेल तर बिल्डरने तुम्हाला नुसतं दार मिटून ठेवायचं साधन दिलंय, ते बदला. बाहेर पडताना किल्ली फिरवायचा कंटाळा मात्र घरातल्या सगळ्यांनीच सोडायला हवा. भाजी आणायला खाली गेल्यावरसुद्धा.

बाहेर लोंबणाऱ्या कुलपाबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे. जिन्यातून जाणाऱ्या कोणालाही ते सांगत असतं की घरी माणूस नाही. चोर बेल वाजवून खात्री करतात म्हणतात, तुम्ही तेवढेही कष्ट त्याला देत नाही. त्यापेक्षा दारातच बसणारं, चौकोनी खिटीचं कुलूप घ्या. दोन-तीन खिट्या चौकटीत शिरणारी चांगली मॉडेलं सर्रास मिळतात, आणि ते लावलेलं आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. असं कुलूप बसवलंत तर बाहेरचा अल्ड्रॉप काढूनच टाका. त्याचा आणखी एक तोटा आहे. चोर कामाला लागण्याआधी शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घालतात, म्हणजे आवाज ऐकून कोणी आलंच तर घरातच अडकतं. मजल्यावरच्या चारही घरांनी बाहेरच्या कड्या काढल्या तर तोही मार्ग बंद. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढून बघा, पार्किंगवरून जरा वेळ लक्ष हटेल.

डिजिटल लॉक वाईट नाही. किल्ल्या हरवणारी मुलं, कामाला येणाऱ्या मावशी, रात्री उशिरा येणारा मुलगा, अशा घराला ते सोयीचं. आत ते साध्या पेन्सिल सेलवर चालतं. सेल उतरत आले की ते आधी कुरकुर करतं, आणि अगदीच बंद पडलं तर बऱ्याच मॉडेलांत खालच्या दोन टोकांना ९ व्होल्टची बॅटरी टेकवून उघडता येतं. पण ते बसणार त्याच दारात, त्याच चौकटीत. किल्लीचा प्रश्न ते सोडवेल, कटावणीचा नाही. आणि घेतलंत तर पिन म्हणून लग्नाची तारीख नको.

मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या जाडीत खाचून बसवायचं कुलूप, सिलिंडरचं घेणार असाल तर एवढं बघा: सिलिंडर, म्हणजे किल्ली जिथे घालतो तो गाभा, दारावरच्या पट्टीच्या बाहेर डोकावता कामा नये. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर आला की पकडीत धरून मोडता येतो. मधल्या स्क्रूच्या भोकापाशी तो मुळातच नाजूक असतो, तिथेच तुकडा पडतो. सुतार हाताशी असेल तो सिलिंडर ठोकून देतात. ६० मिलिमीटरचा लागत असताना ७० चा बसवला की झालं.

जाळीचा सेफ्टी डोअर असेल तर बिजागऱ्या बघा. तो बाहेरच्या बाजूला उघडतो, म्हणजे बिजागरीची पिन बाहेर. पिन ठोकून काढली की कुलूप कुठल्या का बाजूला असेना. वेल्डरकडून पिनेच्या टोकाला एक टाका मारून घ्या.

ड्राय बाल्कनीचं दार विसरू नका. पुढच्या दाराला सगळी बंदोबस्ताची हौस, आणि मागे अॅल्युमिनियमची सरकती खिडकी, जी वर उचलली की रुळातून निघून हातात येते. खिडकी बंद करून वरच्या रुळातली मोकळी जागा भरेल एवढी लाकडी पट्टी कापून आडवी बसवा, म्हणजे ती वर उचलता येणार नाही. खिडक्यांना ग्रील असेल तर एका ग्रीलला आतून उघडणारी झडप हवीच, आणि तिची किल्ली जवळच पण बाहेरून हात पोचणार नाही अशा ठिकाणी. मुख्य दारालाही असं कुलूप नको जे आतून उघडायला किल्ली शोधावी लागेल. आग लागली तर धुरात किल्ली सापडत नाही.

किल्ल्यांचं थोडक्यात. घर रीसेलचं किंवा भाड्याचं असेल तर सिलिंडर बदला, आधीच्या माणसांकडे किती डुप्लिकेट आहेत ते देवाला माहीत. चपलांच्या रॅकमधली किल्ली उचला. घरफोडीचा विमा काढला असेल तर बहुतेक पॉलिसींत जबरदस्तीने शिरल्याची खूण दाखवावी लागते. किल्लीने शांतपणे उघडलेल्या दारावर ती कुठून आणणार?

दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून जा. तिथेही एक गोष्ट माहीत असू द्या. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, बँकेतल्या चोरी-दरोड्यात किंवा आगीत, किंवा तिच्याच कर्मचाऱ्याच्या अफरातफरीत, तुमचं नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींइतकी. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. घरच्या कपाटापेक्षा बरंच म्हणायचं.

परत आल्यावर दार उचकटलेलं दिसलं तर आत जाऊ नका, कशाला हात लावू नका, खाली येऊन ११२ ला फोन करा.

खरेदीला निघताना दाराची जाडी मोजून न्या, साधारण ३० ते ३५ मिलिमीटर असते. जुन्या कुलपाचा समोरून आणि कडेने फोटो काढा, सिलिंडर निघत असेल तर काढून खिशात टाका. आणि सुताराला आजच सांगून ठेवा. दिवाळीच्या तोंडावर कुलूप मिळेल, सुतार मिळणार नाही.