‘तेव्हा चालायचं’ म्हणजे नेमकं कुणाला?

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझा नवरा नव्वदच्या दशकात एमएस करायला इकडे आला. तेव्हा रूममेट्सबरोबर व्हीसीआरवर बघितलेल्या पिक्चरांवर त्याचा अजून जीव आहे. मागच्या शनिवारी त्यानं मोठ्या हौसेनं ‘सिक्स्टीन कँडल्स’ लावला. आमची सोळा वर्षांची लेक, रात्री राहायला आलेली तिची मैत्रीण (तिचे आईवडील कोरियाचे) आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई, असे सगळे बसलो होतो. त्यात परदेशातून आलेला एक आशियाई मुलगा आहे. तो दिसला की नवरा आणि सासूबाई हसून हसून बेजार. लेक मध्येच उठली, ‘बाबा, हे किती रेसिस्ट आहे’ म्हणाली आणि मैत्रिणीला घेऊन वर निघून गेली. नवरा म्हणतो, चाळीस वर्षांपूर्वीचा सिनेमा, तेव्हा असं चालायचं. आणि ती मैत्रीणसुद्धा हसत होती की! आठवडा झाला, बापलेकीत अबोला आहे. मला दोघांचंही पटतं. काय करू?

उत्तर: दोघांचंही पटून भागणार नाही. सिनेमापुरतं बोलायचं तर लेकीचं बरोबर आहे, आणि ते तुम्ही तिला स्पष्ट सांगायला हवं.

१९८४ चा हा सिनेमा जॉन ह्यूजनं लिहिला आणि दिग्दर्शित केला. त्यातल्या त्या मुलाचं नाव लाँग डक डाँग. कुठल्याही एका देशाचं धड न वाटणारं नाव. तो पडद्यावर आला की मागे काशाच्या मोठ्या थाळीवर टोला पडल्यासारखा आवाज येतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तो काही गमतीचं बोलला म्हणून हा आवाज येत नाही. नुसता दिसला तरी पुरे, हसा! मोडकं इंग्रजी बोलायचं, पोरीच्या मागे लागायचं, दारू पिऊन झाडावरून पडायचं, एवढंच त्याच्या वाट्याला येतं. बाकीची मुलंही वेडीविद्री आहेत, पण त्यांना घर आहे, भीती आहे, कुणीतरी आवडतं. याला चेहरा आणि उच्चार सोडून दुसरं काही दिलेलंच नाही. भूमिका करणारा गेडी वाटानाबे यूटा राज्यात जन्मलेला अमेरिकन. तो उच्चार त्याचा नव्हेच, भूमिकेसाठी घेतलेला.

राहिला ‘तेव्हा चालायचं’ हा मुद्दा. चालायचं ते हसणाऱ्यांना. त्या वेळी अमेरिकन शाळांत असलेल्या आशियाई मुलांना ‘डाँगर’ म्हणून चिडवलं जायचं, हे त्यांच्यातल्या काहींनी मोठेपणी जाहीरपणे सांगितलं आहे. त्यांना तेव्हाही ते आवडत नव्हतंच. फक्त त्यांना विचारायला कुणी आलं नव्हतं.

आणि तो काळ काही फार भोळाभाबडा नव्हता. सिनेमाच्या दोनच वर्षं आधी, जून १९८२ मध्ये, डेट्रॉइटजवळ विन्सेंट चिन या तरुणाला बेसबॉलच्या बॅटनं इतकं मारलं की त्यात तो गेला. मोटारींच्या कारखान्यांतल्या नोकऱ्या जात होत्या, लोकांचा राग जपानवर होता, आणि चिन चिनी वंशाचा होता. मारणाऱ्यांना तो फरक करायची गरज वाटली नाही. राज्याच्या कोर्टानं त्यांना तुरुंगात पाठवलं नाही. प्रोबेशन आणि तीन हजार डॉलर दंडावर सोडलं. पुढे १९८७ मध्ये तुमच्याच राज्यात, जर्सी सिटीत, स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळीनं वर्तमानपत्राला पत्र लिहून भारतीयांना धमकावलं. बायकांच्या कपाळावरची टिकली म्हणजे त्यांचा ‘डॉट’. त्याच वर्षी शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी हे भारतीय गृहस्थ मारहाणीत गेले. सिनेमांमुळे हे झालं असं मी म्हणत नाही. पण असल्या विनोदांवर देश हसत होता तो याच वर्षांत, एवढं नवऱ्याच्या कानावर असू द्या.

अर्थात हे सगळं त्याला व्याख्यानासारखं ऐकवलंत तर तो टीव्हीचा आवाज वाढवेल. त्यापेक्षा एक प्रश्न विचारा: पहिल्या नोकरीत कुणी त्याला ‘थँक यू, कम अगेन’ म्हणून दाखवलं होतं का? त्या वर्षांत आलेल्या आपल्या मुलांपैकी फार थोडे यातून सुटले. ते वाक्य ‘द सिम्प्सन्स’ या कार्टून मालिकेतल्या अपू या भारतीय दुकानदाराचं. तो १९९० पासून लोकांना हसवत होता आणि त्याचा आवाज काढणारा हँक अझारिया गोरा. हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या कॉमेडियननं २०१७ मध्ये अपूवर एक माहितीपट केला, त्यावर बरीच धुळवड झाली, आणि २०२० च्या सुरुवातीला अझारियानं तो आवाज काढणं थांबवलं. कोंडाबोलू स्वतः त्या मालिकेचा भक्त. आवडतं म्हणून दोष काढायचा नाही आणि दोष काढला म्हणजे आवड संपली, असं काही नसतं, हे त्याच्याकडे बघून दोघांनाही कळेल. आपल्या पोरांना अपू, तसा त्या पोरांना डाँग. नवऱ्याला हे समजायला दोन मिनिटं लागतील, कबूल करायला कदाचित पंधरवडा.

ती मैत्रीण हसत होती, हे मात्र पुरावा म्हणून पुढे करू नका म्हणावं. सोळा वर्षांची मुलगी, दुसऱ्याच्या घरी पाहुणी, मैत्रिणीचे बाबा आणि आजी हसतायत. ती काय करणार, भाषण देणार? ऑफिसच्या पार्टीत आपल्या उच्चाराची नक्कल झाल्यावर आपण जे हसतो, ते हसू आपल्याला चांगलं ओळखता येतं. तुमच्या लेकीलाही ओळखता आलं, म्हणून ती मैत्रिणीला घेऊन वर गेली. याबद्दल तिला शाबासकी द्या.

आता बाबांची बाजू. घरच्यांनी सोळावा वाढदिवस विसरावा आणि दिवसभर मुलीनं कुढावं, ही सिनेमाची मूळ गोष्ट खरोखर जमून आली आहे. परक्या देशात नवख्या विद्यार्थ्याला ती भिडली असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. लेकीनं त्याच्या सिनेमाला नाव ठेवलं की त्याला वाटतं, आपल्यालाच ठेवलं. म्हणून तिला म्हणावं, ‘रेसिस्ट’ हा शब्द खुशाल वापर, पण तेवढा टाकून जिना चढू नकोस. कुठला सीन, काय खटकलं, ते बस आणि सांग. मॉली रिंगवाल्ड, म्हणजे त्या सिनेमाची नायिका, हिनं २०१८ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये एक लांब लेख लिहिला आहे. आपल्या मुलीबरोबर आपलाच दुसरा एक जुना सिनेमा बघताना काय काय टोचलं, ते तिनं त्यात मांडलं आहे. डाँगबद्दलही तिनं हातचं राखलेलं नाही, आणि ह्यूजचं ऋण मानणंही सोडलेलं नाही. बापलेकीनं तो एकत्र वाचावा. (शुद्ध हरपलेल्या मुलीला दुसऱ्याच्या हवाली करण्याचा ‘विनोद’ही या सिनेमात आहे. घरात सोळा वर्षांची मुलगी असताना मला डाँगपेक्षा त्याची काळजी जास्त वाटते. त्यावर बोलल्याशिवाय राहू नका.)

वंशावरून केलेला प्रत्येक विनोद बाद, असंही मी म्हणणार नाही. २००२ च्या ‘व्हॅन वाइल्डर’मध्ये कॅल पेनला ‘ताज महाल बदलंदाबाद’ नावाचा भारतीय विद्यार्थी व्हावं लागलं. दोनच वर्षांनी ‘हॅरल्ड अँड कुमार’मध्ये तोच पेन आणि जॉन चो हे रात्रभर बर्गर शोधत हिंडणारे दोन मित्र झाले. त्यातही भारतीय-कोरियन विनोदांची रेलचेल आहे आणि बरेचसे अगदी वाह्यात आहेत, आजीसमोर मुळीच लावू नका! पण तिथे ती दोघं गोष्टीचे मालक आहेत. त्यांना भूक लागते, त्यांचा संताप होतो, ती दुसऱ्यांची टर उडवतात. पहिल्या सिनेमात पेनवर हसायचं आहे, दुसऱ्यात त्याच्याबरोबर. बापानं आणि लेकीनं दोन्हींतला एकेक सीन शेजारी शेजारी लावून बघितला तर माझ्या या पत्राची गरज उरणार नाही.

एवढं झाल्यावर लेक तुमच्याकडे वळेल, त्याची तयारी ठेवा. ‘पडोसन’मध्ये मेहमूदचा दाक्षिणात्य गायन मास्तर बघून आपण गडाबडा लोळतो, ते काय असतं? मंडळाच्या गणपतीत नाटुकल्यात लुंगी नेसून ‘अय्यो’ म्हणत एंट्री घेणारा कोण असतो? शिवाय दुकानात समोरच्याला मराठी कळत नाही या भरवशावर आपण कुणाकुणाला ‘चिंकी’, ‘काळ्या’ म्हणतो, ते मागच्या सीटवरून ही मुलं लहानपणापासून ऐकत आली आहेत. हिंदी सिनेमात कामवाली आली की ती हमखास मराठी हेल काढून बोलते, तेव्हा मात्र आपल्याला झोंबतं. तिनं हे काढलं तर ‘ते वेगळं’ म्हणू नका. वेगळं नाही.

सिनेमावर बंदी घालायची गरज नाही. बघायचा तर घरच्यांनी बघा, मध्ये थांबवून भांडा. पाहुण्या मुलांसमोर लावण्याआधी मात्र लेकीला विचारा. त्या मैत्रिणीच्या आईला फोन करून माफीचा सोहळा करू नका, त्यानं ती मुलगी आणखी अवघडेल. पुढच्या वेळी ती आली की सिनेमा तिला निवडू दे आणि बाबांनी साधंसं म्हणावं, ‘मागच्या वेळी मी भलताच लावला होता.’ बास.

आणि सासूबाईंना समजवायचं काम तुम्ही अंगावर घेऊ नका. ते त्यांच्या मुलाला करू दे. सुनेनं सांगितलं की त्याची तक्रार पुण्यापर्यंत जाते.