म्हापशात सेकंड-हँड गाडी घेतली. पहिला आणि रिव्हर्स गिअर फार जड पडतात. गिअरबॉक्स गेला का?

बहुधा नाही, आधी क्लच बघा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाका. बंद गाडीत अलगद पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही: केबल सैल झालीय, किंवा हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारा) क्लच असेल तर त्याचं ऑइल कमी आहे नाहीतर लाइनमध्ये हवा शिरलीय. बंद गाडीतही जड असतील तर गिअर केबल आणि लिंकेज (गिअरचा दांडा गिअरबॉक्सला जोडणारे भाग) तपासा. आपल्याकडच्या पावसात, खाऱ्या हवेत ती गंजून जाम होतात. गिअर ऑइल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं भरा. मात्र ऑइल काढताना ड्रेन प्लगला (ऑइल काढायच्या बुचाला) धातूचे तुकडे चिकटलेले दिसले, तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल. नुसता करडा, लोण्यासारखा मऊ थर असेल तर घाबरू नका, ती नेहमीची झीज.