मालक बदलला, खुर्च्या कोणाच्या हलतात?

प्रश्न : मुलगी एका छोट्या प्रादेशिक विमान कंपनीत मुंबईला नोकरीला आहे. मोठ्या कंपनीने ती विकत घेतली. आता कारभार कोण पाहणार? – एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : आधी हे पाहा, नुसते शेअर विकले गेलेत की विलीनीकरण झालंय? शेअर विकले गेले तर विमानं उडवण्याचा परवाना त्याच कंपनीच्या नावावर राहतो. उड्डाण, देखभाल, प्रशिक्षण, सुरक्षा या खात्यांचे प्रमुख डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने) मान्य केलेले असतात. त्यांना रातोरात हलवता येत नाही. नव्या संचालकांनाही सुरक्षा मंजुरी लागते. पटकन हातातून जातं ते पैशाचं खातं, खरेदी आणि मार्ग ठरवणं. तोट्यातली सकाळची फेरी स्थानिक व्यवस्थापकाला वाचवता येत नाही, निर्णय मुख्यालयात होतो.

विलीनीकरणात मात्र परवानाच एक होतो. एआयएक्स कनेक्ट (पूर्वीची एअरएशिया इंडिया) १ ऑक्टोबर २०२४ला एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये गेली, विस्तारा १२ नोव्हेंबरला एअर इंडियात. खरं भांडण असतं ज्येष्ठता यादीचं : वैमानिकाची तारीख रुजू झाल्याची धरायची की कमांड, म्हणजे कॅप्टनपद, मिळाल्याची? शिवाय एटीआर या छोट्या पंख्याच्या विमानाचा वैमानिक थेट एअरबसच्या जेटवर बसत नाही, त्या विमानाचं रेटिंग (ते उडवण्याची पात्रता) वेगळं घ्यावं लागतं.

मुलीने नव्या पत्रात ‘सेवा अखंड’ हे शब्द शोधावेत. राजीनामा देऊन नव्याने रुजू व्हा म्हणाले, तर सही करण्याआधी ग्रॅच्युइटीसाठी जुनी वर्षं धरली जातील हे लेखी मागावं. पीएफचा यूएएन (कायमचा खाते क्रमांक) तोच राहतो.