वाचकांचे प्रश्न : अवशेष तपासणीतलं स्टँडर्ड

प्रश्न : निर्यातीच्या द्राक्षांचा नमुना दोन प्रयोगशाळांत दिला. क्लोरपायरिफॉस या कीडनाशकाचे अवशेष एकीने ०.००८ दाखवले, दुसरीने ०.०१२ मिलिग्रॅम प्रतिकिलो. युरोपची मर्यादा ०.०१. खरं कोणाचं मानायचं?
– द्राक्ष बागायतदार, दिंडोरी

उत्तर : दोन्ही प्रयोगशाळा आपापल्या जागी बरोबर असू शकतात. युरोपच्या सांते मार्गदर्शिकेत (अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठीची नियमावली) अशा निकालाला ±५० टक्के अनिश्चितता धरतात. म्हणजे ०.०१२ हा आकडा ०.००६ ते ०.०१८ मधला कुठलाही असू शकतो आणि ०.००८ हा ०.००४ ते ०.०१२ मधला. आधी हे सांगा की ‘नमुना’ म्हणजे एकत्र दळून केलेले दोन भाग होते, की एकाच बागेतले वेगवेगळे घड? घड वेगळे असतील तर एवढा फरक पडणारच.

दळलेलाच माल असेल, तर स्टँडर्डकडे बघा. यंत्राला मिलिग्रॅम कळत नाहीत, ते फक्त पीक (peak), म्हणजे आलेखावरचा उंचवटा मोजतं. त्या उंचवट्याची तुलना माहीत असलेल्या तीव्रतेच्या द्रावणाशी, म्हणजे रेफरन्स स्टँडर्डशी करून आकडा काढतात. स्टँडर्ड जुनं होऊन १५ टक्के कमी भरलं, तर तुमच्या अहवालात अवशेष जवळपास १८ टक्के जास्त दिसतील. खराब स्टँडर्डचा भुर्दंड असा शेतकऱ्यावर पडतो. दोन्हीकडे स्टँडर्डचं प्रमाणपत्र, मुदत, द्रावण केल्याची तारीख आणि रिकव्हरी (मुद्दाम घातलेल्या कीडनाशकातलं किती टक्के परत सापडलं) विचारा. रिकव्हरी ७० ते १२० टक्क्यांत हवी. आणि नोव्हेंबर २०२० पासून युरोपात क्लोरपायरिफॉसची मर्यादा ०.०१ वर आहे. तुम्ही फवारलं नसेल तर शेजारच्या रानातून किंवा न धुतलेल्या पंपातून आलं का, तेही शोधा.

प्रश्न : नव्या प्रयोगशाळेत रुजू झालो आहे. स्टँडर्डच्या प्रमाणपत्रावर शुद्धता ९८.६ टक्के आहे. १००० मिलिग्रॅम प्रतिलिटरचं स्टॉक द्रावण (ज्यातून पुढची पातळ द्रावणं करतात ते) कसं करायचं?
– रसायनशास्त्र पदवीधर, पुणे

उत्तर : फ्रीझरमधून काढलेली कुपी लगेच उघडू नका. बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पावडरवर दव धरतं आणि तुम्ही पाणीही तोलता. ग्रॅममध्ये पाच दशांश दाखवणाऱ्या काट्यावर १० मिलिग्रॅमच्या आसपास घ्या, त्याहून कमी नको. समजा १०.१५ भरलं. १०.१५ × ०.९८६ = १०.०१ मिलिग्रॅम. १० मिलिलिटरच्या वॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये थोड्या द्रावकात पूर्ण विरघळवा, मग खुणेपर्यंत भरा. द्रावण १००१ झालं, लेबलवर १००१च लिहा. नेमकं १०.०० जमवायला पावडर काढ-घाल करू नका. बाहेर काढलेली पावडर कुपीत परत टाकली की अख्खी कुपी गेली.

तापमानाकडे फार लोक दुर्लक्ष करतात. अ‍ॅसिटोनायट्राइल हा नेहमीचा द्रावक दर अंशाला साधारण ०.१४ टक्के फुगतं. फ्लास्कची खूण २० अंशांची. एसी बंद पडून खोली ३५ अंशांवर गेली, तर २ टक्के चूक तिथेच झाली. उणे २० वरून काढलेलं द्रावण गार असतानाच पिपेटने उचललं तर ५ टक्क्यांहून जास्त पदार्थ जातो. खोलीच्या तापमानाला आणा, हलवा, मगच उचला. कुपी ठेवताना वजन लिहून ठेवा. पुढच्या वेळी ते कमी भरलं तर द्रावक उडाला आणि द्रावण घट्ट झालं.

पुढे १०० मायक्रोलिटर १० मिलिलिटरमध्ये नेलं की १०, त्यातलं १ मिलिलिटर १० मध्ये नेलं की १ मिलिग्रॅम प्रतिलिटर. कॅलिब्रेशनचे (यंत्राचा सिग्नल तीव्रतेशी जुळवण्याचे) ०.००५, ०.०१, ०.०२, ०.०५, ०.१ हे टप्पे नुसत्या द्रावकात नको, बिनफवारणीच्या द्राक्षांच्या अर्कात करा. अर्कातली साखर आणि रंगद्रव्यं मास स्पेक्ट्रोमीटरचा सिग्नल दाबतात. नमुना १० ग्रॅम आणि द्रावक १० मिलिलिटर असेल, तर द्रावणातले ०.०१ म्हणजे फळातलेही ०.०१, वेगळं गणित नाही. कॅप्टन, फोलपेट, डायकोफॉल ही कीडनाशकं अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये लवकर मोडतात. तिथे ०.१ टक्का अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घाला.

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पासाठी कृषी सेवा केंद्रातली कीडनाशकाची बाटली स्टँडर्ड म्हणून चालेल का?
– बीएस्सी कृषीचा विद्यार्थी, राहुरी

उत्तर : नाही. त्यात इमल्सिफायर (औषध पाण्यात मिसळवणारे पदार्थ) आणि द्रावक असतात, आणि लेबलवरचं प्रमाण फवारणीपुरतं खरं. आयएसओ १७०३४ (रेफरन्स स्टँडर्ड बनवणाऱ्यांसाठीचं मानक) मान्यताप्राप्त उत्पादकाचंच घ्या. खर्च परवडत नसेल तर दोन-तीनच कीडनाशकं निवडा.

प्रश्न : इमामेक्टिन बेंझोएटचं स्टँडर्ड आहे, पण युरोपची मर्यादा इमामेक्टिनवर. काही गुणक लागतो का?
– प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सांगली

उत्तर : लागतो. इमामेक्टिनचा मुख्य घटक बी१ए. त्याच्या बेंझोएट क्षाराचा रेणुभार १००८.२, बेंझोएटशिवाय मोकळ्या बेसचा ८८६.१, म्हणून गुणक ०.८७९. शुद्धता ९५ टक्के असेल तर १० मिलिग्रॅममधून ८.३५ मिलिग्रॅमच इमामेक्टिन मिळतं. गुणक विसरलात तर निकाल १४ टक्के जास्त येईल. शुद्धता क्षार धरून दिली आहे की बेस, आणि त्यात बी१बी हा दुसरा घटक मिसळलाय का, हे प्रमाणपत्रावर आधी वाचा. तिथेच घोळ होतो.

प्रश्न : मुदत संपलेली स्टँडर्ड फेकून द्यायची का? परदेशातून मागवायला आठवडे जातात.
– गुणवत्ता व्यवस्थापक, नाशिक

उत्तर : सरसकट नाही. नवं आलं की दोन्हींची एकाच तीव्रतेची ताजी द्रावणं करा, प्रत्येकी किमान पाच वेळा चालवा, सरासरीत १० टक्क्यांहून जास्त फरक नको. फरक आला तर नव्याचं दुसरं वजन घेऊन पुन्हा तपासा, कारण दोष काट्यावरचाही असू शकतो. जुळलं तर नवी मुदत आणि तपासणीची नोंद फाइलला लावा, एनएबीएलचे (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) परीक्षक हीच मागतात. पण नवं हातात येईपर्यंत मुदत संपलेल्यावर मर्यादेच्या आसपासचा निकाल सही करून देऊ नका.